मानाचे डोके

रविवार, एकवीस नोव्हेंबर, सकाळचे आठ. देशाच्या उत्तरेकडील नारिन शहराजवळच्या शाळेत राष्ट्राध्यक्षपदाचे मतदान सुरू झाले. मतदार दोनशे चौदा. दारातच कुळाचे ज्येष्ठ तोकोनबाय यांनी अनिपाला अडवले. “सूनबाई, मत आपल्याच कुळाच्या उमेदवाराला. आपलंच रक्त ते!” “असेल, आबा. पण प्रचाराला आला तेव्हा पाहुणा म्हणून मानाचं मेंढीचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं, तर एक डोळा दुसऱ्याला द्यायचा सोडून दोन्ही त्याने एकट्याने गट्ट केले. कान कापून लेकरांना द्यायलाही विसरला. दक्षिणेकडचा उमेदवार आला, त्याने कान आठवणीने माझ्या नातीला दिला. पंगतीत ज्याला वाटून खाता येत नाही, त्याच्या हाती देश देऊ?” “दक्षिणेकडच्याला इथे कुत्रंसुद्धा विचारत नाही! मोजणीत तुझं एकटीचं मत उघडं पडेल.” “पडू द्या. माझंच आहे, लपवू कशाला?” मागून एक म्हातारी ओरडली, “तोकोनबाय, दार सोड!” अनिपाने ठळक खूण केली. सायंकाळची मोजणी: दक्षिणेकडच्या उमेदवाराला त्रेसष्ट मते.