बाबांची पापणी

"ताई, अग्नी देऊ देऊ नकोस. बाबांनी पापणी हलवली," टोरांटोहून हेरंब ओरडला.

सरणावरच्या बाबांवर फोन धरून उभ्या असलेल्या वृंदाने वाकून पाहिलं. नाकात कापसाचे बोळे, गालांचे खड्डे आणि मिटलेले डोळे.

"हसतायत ते. गाल बघ, किती भरलेत," तो म्हणाला.

तिच्या लक्षात आलं. स्मशानात प्रत्येक नातेवाईक परगावच्यांना फोनवरून अंत्यदर्शन दाखवत होता, त्यामुळे नेटवर्क तुंबलं होतं. अशा वेळी चित्र अडकू नये म्हणून व्हिडिओ कॉलची कंपनी चित्राचा न पोचलेला भाग जुन्या कॉलमधल्या चेहऱ्याने भरून काढायची.

हेरंबचा कॉल यायचा रविवारी संध्याकाळी, सगळी सोसायटी व्हिडिओ लावून बसलेली असताना. तेव्हाही नेटवर्क असंच तुंबलेलं असायचं. बाबा खंगत चाललेत, येऊन जा, असं ती वर्षभर सांगत होती. तो दर वेळी म्हणायचा, "उगाच घाबरवू नकोस. मला तर छान दिसतायत." बाबा शेवटपर्यंत दाराकडे बघत राहिले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आजही छान दिसतायत ना? मग बघत बस."

फोन तसाच चालू ठेवून तिने तो सरणासमोरच्या कठड्यावर टेकवला आणि हेरंबच्या वतीने चुलतभावाने उचललेलं मडकं काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं.