तिसरा प्रश्न

ओनायडा सायझमोरने तिसऱ्या प्रश्नापुढे 'हो'वर खूण केली आणि फॉर्म खिडकीतून आत सरकवला.

पलीकडे बसलेली टॅबिथा वरवर नजर फिरवून शिक्का उचलणार, तोच तिचा हात थांबला. सरकारी मदतीच्या या कचेरीत तिला चार वर्षं झाली होती आणि फॉर्मवर नशेचे प्रश्न येऊन दोन. या दोन वर्षांत तिसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणणारं माणूस काही तिने पाहिलं नव्हतं.

"आजी, ही खूण चुकून झाली का हो?"

"चष्मा लावून वाचलंय मी. गेल्या तीन महिन्यांत दुसऱ्याच्या नावावरची गोळी घेतली का, असंच विचारलंय ना? घेतली. अर्धी."

"कशाला?"

"दाढ काढली गं बाई. शाळेच्या मैदानात फिरता दवाखाना आला होता. संध्याकाळी असा काही ठणका लागला की शेजारणीने स्वतःची गोळी मोडून दिली. आता तिचं नाव विचारू नकोस. ते मी सांगायची नाही."

कोळशाच्या खाणींच्या त्या डोंगराळ भागात शेजाऱ्याकडे मीठ मागावं तशी गोळी मागतात. पाठीची, गुडघ्याची, झोपेची. खाणीत पाठ मोडून घेतलेली माणसं घरोघरी, आणि त्यांच्या गोळ्याही घरोघरी. त्यात वावगं काही आहे असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. फॉर्म समोर आला की मात्र बरोबर येतं, आणि सगळे मुकाट 'नाही' लिहितात.

टॅबिथा पुढे वाकली. आवाज खाली आणून म्हणाली, "ऐका माझं. 'हो' म्हटलं की लघवीची तपासणी आली. निकाल येईपर्यंत मुलींचा भत्ता बंद. महिना लागतो, कधी दीड. हा फॉर्म मी फाडते, दुसरा देते. 'नाही'वर खूण करा आणि घरी जा."

मुली म्हणजे ओनायडाच्या दोन नाती, एक सहा वर्षांची, एक नऊ. मागच्या मार्चमध्ये त्यांची आई गेली, तेव्हापासून आजीकडेच असायच्या. त्या भत्त्यावर घर चालायचं. तो थांबला तर काय होईल हे ओनायडाला कुणी समजावून सांगायला नको होतं. तरी टॅबिथाने पुढे केलेल्या कोऱ्या फॉर्मकडे तिचा हात गेला नाही.

तिच्या मागे लायल उभा होता, आईचं दवाखान्याचं कार्ड न्यायला आलेला. एवढा वेळ कान देऊन ऐकत होता, त्याला आता राहवेना.

"होऊ दे की तपासणी! मी कोळशाचा ट्रक चालवतो. दर महिन्याला बाटलीत मुतावं लागतं मला. माझी कुणाला कीव आली नाही. सरकारचं खायचं तर एवढं करायला काय झिजतं?"

"अरे, पण नाही कोण म्हणतंय?" ओनायडा वळली. "मी तर मघापासून हो-हो करतेय. तू एवढंच सांग, तुझा निकाल येईपर्यंत तुझा पगार अडवून धरतात का?"

लायलने टोपी मागे सरकवून डोकं खाजवलं. "नाही. तसं नाही करत."

"मग गप जरा."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. लायलही हसला. तो काही वाईट माणूस नव्हता.

"आजी, हट्ट नका करू." टॅबिथा आता खरंच रडकुंडीला आली होती. "अर्ध्या गोळीपायी पोरींना उपाशी ठेवणार का?"

"उपाशी कशाला राहतील? तळघरात घेवड्याच्या बरण्या भरल्यात, बटाटे आहेत. आणि चर्चमधल्या बायका अजून मेल्या नाहीत. महिना काढीन मी."

"पण का? एका 'नाही'ने काम भागतंय ना!"

ओनायडाने चष्मा काढला.

"माझ्या केंड्राने, या पोरींच्या आईने, 'नाही' लिहिलं होतं. याच खिडकीवर. मी शेजारीच उभी होते. पोरीचा हात इतका कापत होता की खूण चौकोनाच्या बाहेर गेली. तू शिक्का मारलास, मी बघत राहिले. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. घरी जाताना मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. त्यानंतर सात आठवडे जगली ती. गोळ्यांनीच नेली."

टॅबिथाला केंड्रा आठवत होती की नाही, कोण जाणे. दिवसाला साठ-सत्तर फॉर्म येतात. लायलने टोपी काढून हातात घेतली होती.

मग टॅबिथाने कोरा फॉर्म खणात परत ठेवला. 'हो' लिहिलेल्या फॉर्मवर शिक्का मारला आणि टेबलाखालून झाकणाचा प्लास्टिकचा पेला काढून खिडकीतून पुढे केला.

"आत बाथरूममध्ये कुणीतरी सोबत येतं ना?" ओनायडाने विचारलं. "बघायला?"

"यावं लागतं, नियम आहे. तपासणीवाली बाई आज सुट्टीवर आहे, म्हणजे मलाच यायचं." टॅबिथाने मान खाली घातली. "तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी तोंड फिरवून उभी राहते, आजी."

"तोंड नको फिरवूस." ओनायडाने पेला उचलला आणि ती ताठ मानेने बोळाकडे निघाली. "चांगली बघ. माझ्या पोरीकडे कुणीच नीट बघितलं नव्हतं."