जांभळा रेनकोट

दुकानाच्या काचेपलीकडून जांभळा रेनकोट गेला आणि शिंप्याच्या हातातली कात्री कापडातच थांबली.

असा रेनकोट गावात दुसरा नव्हता. पावसात माणूस पोत्यासारखा दिसू नये, हा त्याचा हट्ट. म्हणून बायकोसाठी शिवताना त्याने कमरेला पट्टा दिला होता, पाठीला चुण्या घातल्या होत्या, पाणी झिरपू नये म्हणून शिवणींवर आतून पट्ट्या चिकटवल्या होत्या. केस चपटे होऊ नयेत म्हणून टोपीही ऐसपैस ठेवली होती. आता त्या टोपीमुळेच चेहरा दिसत नव्हता. शेजारी छत्रीत एक उंच गृहस्थ होता. डबकं ओलांडायला त्याने हात पुढे केला आणि जांभळ्या बाहीने तो बिनदिक्कत धरला.

शिंपी काचेशी येईपर्यंत दोघं वळणाआड गेली होती.

संध्याकाळी रेनकोट दारामागच्या खुंटीवर निथळत होता.

"आज बाहेर गेली होतीस?" त्याने विचारलं.

"छे, एवढ्या पावसात कुठे जाऊ?" भाजी चिरता चिरता बायको म्हणाली.

"मग हा ओला कसा?"

सुरी जराशी अडखळली. "धुतला. चिखल होता."

"बाहेर न जाताच?"

"चहा घेताय की उलटतपासणी?"

आई नुकतीच दवाखान्यातून गुडघे शेकून आली होती. हा रेनकोट शिवला तेव्हा "नटव्यांची थेरं" म्हणून तिनेच नाक मुरडलं होतं. सुनेशी तर तिचं मिठाच्या चमच्यावरूनही वाजायचं. आज मात्र ती म्हणाली, "बायकोवर एवढी पाळत ठेवू नये रे. माणसाला कधी मोकळं फिरावंसं वाटतं."

म्हणजे आईलाही हिने गुंडाळलं होतं. बायकोवर त्याचा फार जीव होता. ती गेली तर या घरात आपण काय करणार, हे त्याला काही केल्या सुचेना.

पुढच्या पावसात रेनकोट पुन्हा दिसला. शिंप्याने दुकान उघडंच टाकलं आणि मागे निघाला. घाईत स्वतःची छत्री विसरला. गावाला रेनकोट शिवून कोरडं ठेवणारा माणूस चिंब भिजत चालला होता.

रेनकोटाचा पट्टा घट्ट आवळलेला होता. चालीत एक डौल होता. घरात ती अशी कधी चालत नसे, आणि हेच त्याला सर्वांत जास्त लागलं. पाठीच्या चुण्यांवरून पाणी सुरेख ओघळत होतं. काम फक्कड झालंय, असं अशा वेळीही त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला.

कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या छपराखाली दोघं थांबली. गृहस्थ छत्री मिटू लागला. शिंप्याने वाटेत बरंच काही बोलायचं ठरवलं होतं, पण ते सगळं त्याने सोडून दिलं. त्याने मागून जांभळ्या खांद्यावर हात ठेवला.

"घरी चल. मी काही विचारणार नाही. पण मला सोडून जाऊ नकोस."

खांदा दचकला. टोपी मागे सरली.

"बरं झालं, तूच आलास," ओठांवरची लाली सावरत आई म्हणाली. "ह्यांना तुला भेटायचंच होतं."