सात नंबरची सीडी

“बाकीच्या कुठायत?” तुरिडने विचारलं.

हाल्वारने खिडकीकडे बोट केलं. बाहेर चेरीच्या झाडावर अकरा सीड्या सुतळीने टांगलेल्या होत्या. वाऱ्यावर गरगरत होत्या, चमकत होत्या. महिनाभरात एकही पाखरू झाडाकडे फिरकलं नव्हतं.

तुरिड त्याची मेहुणी. ती बर्गनहून बसने आली होती आणि त्याच्या बायकोचा, बोर्गिलचा, जुना कॉम्प्युटर सगळी वाट मांडीवर घेऊन बसली होती. नवा घेतल्यावर बोर्गिलने जुना बहिणीला देऊन टाकला होता. तुरिडने तो काल पहिल्यांदा चालू केला. आत सात नंबरची सीडी अडकलेली होती, आणि ती फोटोंसकट उघडली.

बोर्गिल फेब्रुवारीत गेली. आता घरात तिचा एकच फोटो होता, पासपोर्टचा, आणि त्यात ती कुणीतरी दटावल्यासारखी बसली होती. कॅमेरा कायम तिच्याच हातात, मग ती फोटोत येणार कशी? फक्त एकदा, तिच्या साठीच्या दिवशी, चेरीची परडी दोन्ही हातांत होती म्हणून तिने कॅमेरा नवऱ्याकडे दिला. ती हसत होती. हाल्वारला तेवढं पक्कं आठवत होतं. त्याला तो फोटो हवा होता, बाकी काही नको होतं. मे महिन्यात त्याने सीड्यांचा डबा काढला. बारापैकी अकराच होत्या. एकेक करून सगळ्या नव्या कॉम्प्युटरवर लावून पाहिल्या. दर वेळी पडद्यावर तेच आलं: सीडी कोरी आहे. कोऱ्या तर कोऱ्या. जूनमध्ये झाडाला फळ धरलं, तेव्हा त्याने त्या बाहेर टांगल्या.

“कोऱ्या नव्हत्या रे बाबा,” तुरिड म्हणाली. “बोर्गिल फोटो भरल्यावर सीडी कधी बंदच करायची नाही. जागा उरलीय, अजून फोटो घालू, म्हणायची. अशी उघडी सीडी ज्या मशीनवर भरली तिथेच वाचता येते. नव्याला ती कोरीच दिसते. मला एक फोन करायला काय झालं होतं तुला?”

“चेरी पिकायला लागल्या होत्या,” हाल्वार म्हणाला.

त्याने शिडी लावली, सुतळ्या कापल्या, सीड्या नळाखाली धुतल्या, पुसल्या. तुरिड एकेक आत सरकवत गेली. कॉम्प्युटर घरघरायचा आणि सीडी बाहेर ढकलायचा. उन्हाने सगळ्या पुसून टाकल्या होत्या. अकरावी बाहेर आली तेव्हा तुरिड नाक पुसत होती. आपल्यालाही वाईट वाटायला हवं, असं हाल्वारच्या मनात आलं. वाटलं काहीच नाही. त्याने दोघांसाठी कॉफी ओतली. झाडावर पाखरं उतरली होती. त्यांना हाकलायलाही तो उठला नाही.

“सात नंबर मीही पुरती बघितली नाहीये,” तुरिड म्हणाली आणि ती सीडी पुन्हा लावली.

शिडीवर चढलेला हाल्वार, पाठमोरा. पेपर तोंडावर घेऊन झोपलेला हाल्वार. बर्फ उपसणारा हाल्वार. दोनशे फोटो, आणि प्रत्येकाला नावाच्या जागी कॅमेऱ्याने दिलेला आकडा. मग शेवटचा आला.

परडी होती. चेरी होत्या, एकेक मोजून घ्यावी इतक्या स्वच्छ. निळा एप्रन, दोन हात, गळ्यातली बारीक साखळी. तिथे फोटो संपला होता.

हाल्वार पुढे वाकला. पडद्याच्या वर काही असेल अशा आशेने त्याने मान उंचावून पाहिलं.

“तूच काढलास ना हा?” तुरिडने हळूच विचारलं.

“हो.”

“याला आकडा नाहीये. तिने स्वतः नाव टाइप केलंय.”

“काय?”

तुरिडने वाचून दाखवलं. “हाल्वारने काढला. डोकं पुढच्या वेळी.”