नोंदवलेला नंबर

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असं फोनमधली बाई सातव्यांदा म्हणाली आणि पुन्हा तीच बासरी लागली. रंगुबाईनं फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला. चार वाजायला बावीस मिनिटं होती.

टीव्हीच्या निळ्या पडद्यावर एकच ओळ उभी होती. सकाळी रंगुबाईच्या लेकानं, मल्हारनं, ती आईला मोठ्यानं वाचून दाखवली होती: हे चॅनल आपल्या पॅकमध्ये नाही. त्याच चॅनलवर चारला इंदूरहून खो-खोची मॅच दाखवणार होते आणि राज्याच्या संघातून मल्हारची लेक प्रांजल खेळणार होती. खेळाचं चॅनल गल्लीत कुणाकडंच नव्हतं. मल्हारच्या फोनला बटणं होती, त्याच्यावर काही दिसत नसे. रंगुबाईकडं तरी चालू होईल म्हणून ओट्यावर नऊ बायका येऊन बसल्या होत्या. मल्हारनं आज मेंढरं चरायला सोडलीच नव्हती. घरामागं वाघरीच्या जाळ्यात ती भुकेनं ओरडत होती.

बासरी थांबली. एका पोरीचा आवाज आला. रंगुबाईनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, चौथ्यांदा.

"लगेच चालू होईल, ताई. नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी पाठवलाय. तेवढे सहा आकडे सांगा."

"कुठल्या नंबरावर?"

"शेवटी चार-सात आहे तो."

रंगुबाईनं मल्हारकडं बघितलं. तो प्रांजलचा नंबर. गॅस, रेशन, बँक, जनावरांचा दवाखाना, सगळीकडं तिचाच दिलेला. येणारे मेसेज इंग्रजीत असत आणि इंग्रजी वाचणारं घरात तेवढं एकच माणूस होतं.

"ती नंबरवाली पोरगी चारला तुमच्याच चॅनलवर दिसंल बघा," रंगुबाई म्हणाली. "फोन तिच्या पिशवीत आसंल. कवाधरनं लावतोय आमी."

"मग त्यांच्याशी बोलून घ्या ना, ताई."

"आगं, तिलाच तर बघायचंय."

पलीकडं कीबोर्ड वाजला. "नाहीतर असं करू. नंबरच बदलून देते मी."

"दे की. माझ्या लेकाचा घाल."

"त्यासाठी जुन्या नंबरवर एक ओटीपी येईल."

"चकवा लागल्यागत झालं की ह्ये," मल्हार म्हणाला.

ओट्यावर बायका हसल्या. रंगुबाईला हसू आलं नाही. ती पोरीला म्हणाली, "बाई, तुला आजी हाय का?"

"आहे, ताई. पण सिस्टीम पुढं जाऊ देत नाही."

चार वाजले. पडद्यावरची ओळ हलली नाही. सव्वाचारला बायका एकेक करून उठल्या. शेजारची बयाबाई पदर झटकत म्हणाली, "रात्री आठला परत दावत्यात म्हनं, रंगूआक्का. तवर व्हईल चालू. आमी येतोच." मल्हार थोडा वेळ टीव्हीसमोर बसून राहिला. मग फोन आईपाशीच ठेवून त्यानं वाघर सोडली.

साडेपाचला फोन वाजला. प्रांजल होती.

"आजी, मॅच बघितलीस?"

तिला काय काय म्हणायचं, ते रंगुबाईनं आठवडाभर मनात जुळवून ठेवलं होतं. "न्हाई बाई. ते डबडं लागलंच न्हाई."

"पप्पांनी?"

"कुणीच न्हाई. आख्खी गल्ली बसून बसून गेली."



"बरं झालं," प्रांजल म्हणाली. "जिंकलो आमी. पर मी सोळा सेकंदांत बाद झाले, आजी. खांबापाशी पाय घसरला, तोंडावरच पडले. मग बाकावरच बसवलं."

"लागलं का?"

"न्हाई."

"जेवलीस का?"

"जेवीन आता." मग ती म्हणाली, "फोनवर चार ओटीपी आलेत. तुमीच मागवले ना? त्यांचा टाइम संपला. आता नवा मागवला तर मी सांगीन, लगेच चालू व्हईल." मग हळूच म्हणाली, "आठला परत दाखवणार हाईत."

"ठावं हाय," रंगुबाई म्हणाली. "तू जेवून घे."

फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. दुपारचीच पोर होती.

"ताई, तुमची तक्रार अजून उघडी दिसतीये. नंबर ज्यांचा आहे, त्या भेटल्या का? मी नवा ओटीपी पाठवू?"

"नगं."

"चॅनल चालू नाही करायचं?"

"न्हाई."

पोर गोंधळली. "मग तक्रार सुटली असं लिहू का?"

"लिव," रंगुबाई म्हणाली.

दिवेलागणीला मल्हार मेंढरं घेऊन परतला आणि हातपाय न धुता आधी टीव्हीपाशी आला. पाठोपाठ दारातून बयाबाईचा आवाज आला, "रंगूआक्का, झालं का चालू? येऊ न्हवं आठला?"

"न्हाई गं. त्यांच्याकडनं काय व्हतंय!"

"आई, मी परत लावून बघू का फोन?" मल्हारनं हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे. पोरीचा फोन आलता. जिंकल्यात."

"आन् ती कशी खेळली?"

रंगुबाई टीव्हीच्या डब्याकडं वळली. मागची छपरावरच्या छत्रीची वायर तिनं उपटून काढली, अंगठा आणि कोपराभोवती वाघरीची दोरी गुंडाळावी तशी नीट गुंडाळली, आणि खुंटीला टांगून ठेवली.