स्टॅम्पर बंधूंचा निरोप

खड्ड्यात माती पडू लागली तसा फेरेल स्टॅम्परनं आर्लिसचा दंड धरला आणि त्याला एका बाजूला नेलं. शवपेटीत फेरेलचा धाकटा भाऊ डेन्झिल होता. दोघे भाऊ एकमेकांशी एकतीस वर्षं बोलले नव्हते.

गायले मात्र सतत होते. फेरेलचं मँडोलिन, डेन्झिलचा बँजो, मागे आर्लिसचा उभा बास, माणसाएवढं खर्जाचं तंतुवाद्य. केंटकीच्या डोंगरात असं गाव नव्हतं जिथं स्टॅम्पर बंधूंचा कार्यक्रम झाला नव्हता. एकाच मायक्रोफोनपुढे दोघे भाऊ कपाळाला कपाळ लागेल इतके जवळ येत. फेरेल खालचा सूर धरी, डेन्झिल वरचा. समोर बायका डोळे पुसत. ‘सख्खे भाऊ आहेत म्हणून सूर असे मिळतात,’ म्हणत.

भांडण एका गाण्यावरून झालं. आई गेली त्या हिवाळ्यात डेन्झिलनं ते रचलं होतं. अठ्ठावन्न साली त्याची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर रचणाऱ्याचं नाव होतं फेरेलचं. डेन्झिलनं जाब विचारला.

"तुझं नाव बघून कोण कुत्रं घेणार होतं ती?" फेरेल म्हणाला.

त्या दिवसापासून दौऱ्याच्या बसगाडीत फेरेल पुढे, डेन्झिल मागे आणि आर्लिस मधे.

"त्याला सांग, दुसरं गाणं उगाच घाईनं वाजवू नकोस," फेरेल म्हणायचा.

"त्याला सांग, बोटं चालत नसतील तर घरी बस," मागून डेन्झिल.

आर्लिस सांगायचा. शिव्या तेवढ्या गाळायचा.

बास तो बेताचाच वाजवायचा. त्यालाही ते ठाऊक होतं. भांडणाच्या आदल्याच आठवड्यात दोघा भावांनी त्याला सांगितलं होतं, जत्रांचा हंगाम संपला की आम्ही दुसरा माणूस बघणार. मग भांडण झालं, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. निघायला दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं होतं.

"एक विचारतो," फेरेल म्हणाला. त्यानं खड्ड्याकडे पाठ केली. "इतक्या वर्षांत तो कधी काही म्हणाला का रे? गाण्याबजावण्याचं सोडून. माझ्याबद्दल?"

"नाही," आर्लिस म्हणाला.

"वाटलंच. अडेलतट्टू लेकाचा. आईवर गेला होता." फेरेलनं बाहीनं नाक पुसलं. "तू होतास म्हणून टिकलो गड्या आम्ही. नाहीतर पहिल्याच वर्षी दोन दिशांना गेलो असतो."

चर्चच्या तळघरात बायकांनी तळलेली कोंबडी आणि घेवडा मांडला होता. फेरेल तिकडे चालू लागला. आर्लिस जागचा हलला नाही.

त्याला एकसष्ट सालचा ऑक्टोबर आठवला. वेस्ट व्हर्जिनियात पेट्रोल भरायला गाडी थांबली होती. मागच्या बाकावर डेन्झिल तोंड झाकून रडत होता.

"त्याला सांग," तो म्हणाला, "गाणं त्याचंच राहू दे. मला माझा दादा पाहिजे."

आर्लिस उठून पुढे गेला. फेरेलनं खिडकीतून नजर न काढता विचारलं, "काय म्हणतोय?"

"म्हणतोय, उद्या सातला निघू."