ठेवून घेणं

“नायेलीला आम्हाला ‘होल्ड बॅक’ करावं लागेल,” मुख्याध्यापिका हॉलिसबाई म्हणाल्या आणि त्यांनी यादिराकडे पाहिलं.

यादिरा फ्रेस्नोच्या त्या शाळेत दुभाषी होती. बाईंचं इंग्रजी पालकांना स्पॅनिशमध्ये सांगायचं, हे तिचं काम. बाईंच्या तोंडी असले जोडशब्द फार. पोर ‘ॲक्ट अप’ करतं म्हणजे दंगा करतं, ‘फॉल बिहाइंड’ होतं म्हणजे मागे पडतं. पाच वर्षांत सगळ्यांचे अर्थ यादिराच्या जिभेवर बसले होते. ती क्षणभरही अडली नाही.

“ताई, शाळा नायेलीला ठेवून घेणार आहे.”

समोर नायेलीची आई एउफ्रासिया बसली होती. द्राक्षाच्या मळ्यातून तशीच आलेली, नखांत माती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती रडली नाही, भांडली नाही. सावकाश उठली, अंगातला स्वेटर काढला, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

“पोरीच्या अंगात पातळ फ्रॉक आहे,” ती म्हणाली. “एवढा घालू द्या तिला. तिथं फार गार असतं.”

“तिथं? कुठं?”

एउफ्रासियाने स्वेटर बाईंच्या पुढ्यात सरकवला.

“काय म्हणतेय ती?” हॉलिसबाईंनी विचारलं.

‘ठेवून घेणार’ हे आपलेच शब्द यादिराला आत्ता कुठे ऐकू आले. मग खुर्ची ओढून ती एउफ्रासियाच्या शेजारी बसली.

“ताई, माझंच चुकलं. नायेली कुठंही जात नाहीये. वाचनात कच्ची आहे, म्हणून पुढच्या वर्षीही दुसरीतच बसेल.”

“म्हणजे नापास?”

“हो. नापास.”

एउफ्रासिया मटकन खुर्चीत बसली आणि हसायलाच लागली. हसता हसता तिने रुमालाने डोळे पुसले.

हॉलिसबाईंच्या कपाळाला आठी पडली. “तिला सांग, ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.”

यादिराने ते सांगितलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदाच.

“होऊ दे नापास,” एउफ्रासिया तिचा हात धरून म्हणाली. “तिच्या बापाला कागदपत्रं नाहीत म्हणून मळ्यातून उचललं, तेव्हाही साहेब एवढंच म्हणाले होते, ठेवून घेतोय. अकरा महिने झाले, अजून कोठडीतच आहे. ही आज जेवायला घरी येईल ना?”